झाकण उघडं असताना

कुठं खावं, असं मला विचारताय. बरं.
आधी तो नकाशा मिटा.
त्यात जिथं जिथं मशाल काढलीय
तिथं डुक्कर गॅसवर शिजतं
आणि धूर बाटलीतून येतो.
मी वर्षभर तिथली भांडी घासलीत.

कालिहीच्या चढावर, टायरवाल्याच्या पलीकडं
एक दार आहे. पाटी होती,
तिची अक्षरं उन्हानं खाल्ली.
बाहेर पोपटी खुर्ची असेल तर उघडं,
खुर्ची आत गेली की संपलं.
अकराच्या आत पोचा.
हाउनानी मावशी तुमच्याकडं बघणार नाही.
राग मानू नका,
ती बँकवाल्याकडंही बघत नाही.

मेनू मागू नका. म्हणा, असेल ते द्या.
मग लाउलाउ येईल,
अळूच्या पानांत बांधलेलं डुक्कर, मासा,
वरून आणखी एक रुंद पान.
ते खायचं नाही, नुसतं सोडायचं.
एकानं माझ्यासमोर चावून चावून संपवलं,
कुणी काही बोललं नाही. आम्ही तसे सभ्य.
अळूला तासन् तास वाफ लागते,
नाहीतर घसा खाजतो.
सोबत कच्चा कांदा, तांबडं मीठ,
जुन्या सोडा-बाटलीत मिरचीचं पाणी.
आणि पोई.

पोईला तुम्ही नावं ठेवाल. ठेवतातच.
पुस्तकं बांधायची खळ, म्हणाला होता एक.
अळकुडी उकडायची, दगडानं कुटायची,
पाण्यात सैल करून बोटानं उचलायची,
घट्ट असली तर एका, पातळ असली तर तीन.
पहिल्या दिवशी ती गोडसर असते.
तिसऱ्या दिवशी तिला स्वतःचं मत येतं.

मी तिथं मंगळवारी जात नाही.
म्हणजे जात नव्हतो.
मंगळवार कायमोचा. माझा थोरला.
वाइआहोलेला बापाचं अळूचं खाचर,
गुडघाभर गार पाणी.
ते ठेवायचं की विकायचं, यावरून
नऊ वर्षं.
आईच्या मयताला आम्ही दोन दारांनी आलो,
दोन दारांनी गेलो.
वार मावशीनंच वाटून दिले होते.

मार्चात बसचा रेडिएटर फुटला,
डेपोनं सुट्टी दिली, वार लक्षात राहिला नाही.
आत एकच टेबल रिकामं. रिकामं म्हणजे अर्धं.
अर्ध्यावर तो.
मी वळलो,
तर मावशीनं पहिल्यांदाच माझ्याकडं बघितलं.
मधोमध वाडगा ठेवला, दोघांत एक,
आणि झाकण घेऊन आत निघून गेली.

पोईचं झाकण उघडं असताना भांडायचं नसतं.
हे आमच्यात रांगत्या पोरालाही ठाऊक.
अळू माणसाच्या आधी जन्मला,
तो सगळ्यांचाच थोरला भाऊ,
त्याच्या पुढ्यात आवाज चढवत नाहीत.

नऊ वर्षांचं बोलणं तोंडात तयार होतं,
ओळीनं लावलेलं, पाठ.
गिळलं. दोन बोटांनी.
समोरची बोटं बापासारखी जाड झालेली,
नखांच्या कडेला काळा चिखल, ताजा.
म्हणजे तो अजून खाचरात उतरत होता.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
मी तरी कुणाला विचारलं होतं?

‘आंबट आहे,’ तो म्हणाला.
‘तीन दिवसांची.’
‘चार.’
मी वाद घातला नाही.
मावशी दुपारभर झाकण विसरली.

हा तुमचा थांबा. मागच्या दारानं उतरा.
सुटे पैसे ठेवा, तिच्याकडं कार्ड चालत नाही.
आणि एक,
मंगळवारी मात्र जाऊ नका.
त्या टेबलावर जागा नसते.